सहा मिलिमीटर आणि तीन सर्जन

‘स्केलेटल क्लास थ्री,’ रत्नागिरीतले सर्जन म्हणाले. म्हणजे खालचा जबडा वरच्याच्या पुढे. माझ्या मुलीचे, तन्वीचे, खालचे दात सहा मिलिमीटर पुढे होते. वीस वर्षांची मुलगी, पण समोरच्या दातांनी भाकरीचा तुकडा तुटत नव्हता. इलाज ऑर्थोग्नॅथिक सर्जरी, म्हणजे जबड्याचं हाड कापून नव्या जागी बसवायचं. दोन्ही जबडे कापू, म्हणाले. खालचा तीन मागे, वरचा तीन पुढे.

काजूचा कारखाना मी शून्यातून उभा केलाय. एका व्यापाऱ्याचं बोलणं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, हा माझा नियम. म्हणून कोल्हापूरच्या सर्जनना पहिली फाईल दाखवलीच नाही. त्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, पुन्हा दातांचे साचे घेतले. दोन तास बाकावर बसून निर्णय ऐकला : फक्त खालचा जबडा, सहा मागे. का, विचारलं तर म्हणाले, ‘माझ्या अनुभवानुसार हेच योग्य.’ हेच वाक्य रत्नागिरीतही ऐकलं होतं. माझं डोकं फिरलं.

मुंबईच्या सर्जननी आधीची कागदपत्रं मागितली. मी म्हटलं, नाहीत. तन्वीनं माझ्या पिशवीतून दोन्ही फायली काढून टेबलावर ठेवल्या.

‘आई, माझा जबडा आहे गो, काजूचं पोतं नाही.’

मग मीच तोडगा काढला. ‘एक म्हणतात तीन, दुसरे म्हणतात सहा. तुम्ही साडेचार मागे घ्या आणि वरच्याला हात लावू नका.’

‘मग दात दीड मिलिमीटरने चुकतील,’ डॉक्टर शांतपणे म्हणाले. ‘दोघांचंही बरोबर आहे. नुसता वरचा पुढे घेतला तरी दात जुळतील. चेहरा मात्र प्रत्येक पर्यायात वेगळा होईल. तन्वी, तुला कसा हवाय?’

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा.

‘नीट चावता यायला हवं,’ ती म्हणाली. ‘हनुवटी बाबांची आहे. ती असू दे.’

वर्षभर दातांना तारा लावल्या, मग वरचा जबडा पुढे घेतला. त्यानंतर सहा आठवडे पेज आणि सूप. वरचा ओठ अजून थोडा बधिर आहे.

पहिल्या दोघांवरचा माझा राग गेलेला नाही. वाटा एकाहून जास्त आहेत, एवढं सांगायला काय जात होतं? तिसऱ्यांची मी ऋणी आहे. तुमच्यावर वेळ आली तर सगळ्या फायली सगळ्यांना दाखवा, आणि पेशंटला आधी बोलू द्या.

परवा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘एवढं कापून हनुवटी पुढेच राहिली की.’

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तन्वी म्हणाली, ‘मीच ठेवायला सांगितली, काकी.’