उत्तर न देणारी गल्ली

भिवाजीबाबा खुर्चीवर टेकायचेच नाहीत. आदिलाबादच्या आमच्या फिजिओथेरपी केंद्रात नंबर येईपर्यंत ते दारापाशी जात, परत येत, पुन्हा जात. जन्मभर गुडीहत्नूरकडच्या गावांत दवंडी देत फिरलेला माणूस. पावसाळ्यात अंगणात पडले, तेव्हापासून सून प्रगती संध्याकाळी दाराला बाहेरून कडी लावायची. बुद्धविहारात रोज संध्याकाळी मेणबत्ती बाबाच लावत. आता ती दुसरं कुणी लावत होतं, आणि तेच त्यांना सोसवत नव्हतं.

"मामाजी इथं न पडता चालले, तर कडी काढीन," प्रगतीनं मला सांगितलं. "नाही तर नाही."

व्यायामानं पायांत ताकद आली. मग मी त्यांच्या कमरेला पट्टा बांधला, डोळ्यांवर व्हीआर चष्मा चढवला. चष्म्यात गल्ली दिसते. समोरून माणसं येतात, त्यांना चुकवत चालायचं. आधाराला दांडी, मागं पट्टा धरून मी.

पहिलाच माणूस समोर आला आणि बाबांनी दांडी सोडून हात जोडले. "जय भीम!" माणूस तसाच निघून गेला. बाबा गर्रकन मागं वळले आणि झोकांडले. मी पट्टा ओढून धरला.

"काऊन बोलत नाही हा?"

"बाबा, चित्र आहे ते."

"चित्र असंन. पण आपुन पाह्यलं ना त्याले!"

दर खेपेला हेच. "घरी माह्याशी भांडतेत, इथं भुतांशी," प्रगती कुरकुरायची. मी दटावत राहिले, ते हात जोडत राहिले. शेवटी माझाच धीर सुटला.

"जोडा हात! पण आधी थांबा. पाय फाकवा. मग जोडा. आन् मागं वळायचं नाही."

"मंग त्यानं जबाब देल्ला का नाही, कसं समजंन?"

"कानानं."

थांबणं त्यांच्या जिवावर यायचं. तरी हळूहळू जमलं.

काल संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि प्रगतीनं कडी काढली. घरासमोरच्या खऱ्या गल्लीत विहाराकडे निघालेले बाबा पुढं, आम्ही दोघी मागं. पानटपरीवरून शेजारचा खुशाल ओरडला, "जय भीम, बाबा! लय दिसानं!"

माझा हात आपोआप त्यांच्या कमरेकडे गेला. पट्टा नव्हता.

बाबा थांबले. टाचा चुळबुळल्या. पाय फाकले. मग हात जोडले गेले.

"जय भीम, खुशाल!"

प्रगती जागीच उभी राहिली. मलाही तिनं मनगट धरून थांबवलं. बाबा चालू लागले होते. मागं न वळता ते ओरडले,

"कडी नोको लावू वं. येतो मी."