दहा हजार हळदी

मुरबाड रोडवरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी स्ट्रक्चर शिकवतो. म्हणजे मुलं हजेरीपुरती झोपायला येतात आणि मी त्यांची झोपमोड करतो. "इमारतीवर भार नक्की किती येईल ते सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येते," हे दळण मी दोन आठवडे दळलं. मुलांचं म्हणणं एकच, परीक्षेत कुठला आकडा लिहायचा तेवढं सांगा.

शेवटी वैतागून विचारलं, "कोणाकडे गच्चीवर हळद आहे?"

किन्हवलीकडची एक मुलगी उठली. भावाची हळद होती, डीजेसकट.

"माणसं किती?"

"बोलावलीत दीडशे. येतील किती ते देवाला पण ठाऊक नाय."

"त्यातली नाचणार किती?"

"ते काय पिऊन येतात त्यावर आहे, सर."

वर्ग पहिल्यांदाच जागा झाला.

तिचे वडील गवंडी, घर त्यांनीच बांधलेलं. तिने स्लॅबची जाडी मोजून आणली, चार ठिकाणी चार आकडे. मग कॉम्प्युटरवर आम्ही तीच हळद दहा हजार वेळा लावली. दर खेपेला माणसं, वजनं, काँक्रीटची ताकद वेगळी, चिठ्ठ्या उचलल्यासारखी. बहुतेक वेळा स्लॅब गुमान उभा राहिला. काही वेळा खाली बसला.

"म्हणजे पडणार की नाय?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"पडू शकतो."

"हे तर आमची आजी पण सांगते, सर."

रविवारी तिच्या वडिलांनी मला घरी बोलावलं. मी घाबरतच गेलो. चहा दिला, मग शांतपणे म्हणाले, "माझा स्लॅब तुमच्या मशीनमधी पडला म्हणं."

"दर वेळी नाही," मी म्हणालो.

"आजवर माझा एक स्लॅब पडला नाय."

"सगळ्यांत माल सारखाच होता का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "या घराला सिमेंट कमी पडलं होतं. म्हटलं, आपलंच घर आहे, चालल."

"बाबा," मुलगी म्हणाली, "हे तुमी मला सांगितलंच नाय." तिथंच लॅपटॉप उघडून तिने ताकद कमी केली आणि पुन्हा चालवलं. पडझडीचा आकडा बघून तिची आई उठली आणि मंडपवाल्याला फोन लावला. हळद गच्चीवरून खाली खळ्यात हलली.

हळदीला मलाही ओढून नाचवलं. डीजे थांबला तेव्हा तिचे वडील घाम पुसत जवळ आले. "आता जमीन खचल का, सर?"

मी सांगितलं, माती हा आमच्याकडे दुसऱ्या सरांचा विषय आहे.