अनुभवाचा रकाना

एकतीस वर्षं माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काढल्यामुळे गल्लीत त्यांना सगळे 'मातीवाले' म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी परदेशात सेंद्रिय शेतीवर स्वयंसेवक म्हणून सहा महिने जायचं ठरवलं आणि ते ऐकवून ऐकवून सगळ्यांचे कान किटवले. अर्जात शेतीच्या अनुभवाचा रकाना होता. तिथे त्यांनी ऐटीत 'एकतीस वर्षं' लिहिलं.

मग सराव म्हणून मागच्या अंगणात कुदळ हाती घेतली. पाचव्या घावाला तळहातावर फोड आला आणि दहाव्याला त्यांनी कंबर धरली.

"अहो, मातीशी भांडताय कशाला?" बायको म्हणाली. "काल पाणी शिंपडलं असतंत, तर आज मऊ झाली असती."

"ही माती चिकण आहे, तुला काय कळतंय!" ते फणकारले.

"तुमच्याच प्रयोगशाळेतली आहे. तपासून उरलेली पोती तुम्ही इथे आणून टाकायचात, मी त्यात पालापाचोळा मुरवून वाफे करायची. ताटातली भाजी कुठून येत होती?"

मातीवाल्यांनी कुदळ खाली ठेवली. लग्नापासून सव्वीस वर्षं ते त्याच भाजीला नावं ठेवत जेवले होते.

आत जाऊन त्यांनी 'एकतीस' खोडलं आणि 'शून्य' लिहिलं. मग दुसरा कोरा अर्ज काढून त्यावर बायकोचं नाव घातलं आणि अनुभव लिहिला, 'सव्वीस वर्षं'.

बायकोने तो वाचून परत दिला.

"अडतीस करा. लग्नाआधी वडिलांचं शेत कोण बघत होतं, ते तुम्ही कधी विचारलंच नाहीत."