पत्ता सापडला नाही

सरकारी नोकरीत मी बऱ्याच थापा मारल्या, पण त्या बहुतेक रजेच्या अर्जात. एक मात्र कोर्टात मारली.

मी दिल्लीत प्रोबेशन ऑफिसर होते. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या माणसाला तुरुंगात धाडावं की देखरेखीखाली घरी सोडावं, हे ठरवण्याआधी मॅजिस्ट्रेट आमचा अहवाल मागवत. त्याचं घर पाहायचं, शेजाऱ्यांशी बोलायचं आणि लिहून द्यायचं. काम मला मनापासून आवडायचं. पण तीन कोर्टांना मिळून मी एकटी, ऑफिसची जीप कायम गॅरेजमध्ये, आणि आणखी एक ऑफिसर मागणारी फाइल कुठल्यातरी कपाटात झोपलेली. त्याच वर्षांत गुडगावकडे काचेच्या इमारती भराभर उठत होत्या. आमच्या खात्याच्या वेळी मात्र सगळ्यांचा हात आखडायचा.

एका मे महिन्यात फरशी बसवणाऱ्या कारागिराची केस आली. एका नव्या कोठीत, म्हणजे बंगल्यात, काम करताना त्याने बाथरूमचे परदेशी नळ चोरले होते. चाळिशीचा माणूस, आधी कधी काही नाही, गुन्हा कबूल केलेला. जामीन राहायला कोणी नव्हतं म्हणून तो आतच होता. घरी बायको आणि म्हातारा बाप. घर दिल्लीच्या हद्दीत, पण पार गुडगावच्या सीमेला लागलेल्या एका गावात.

मी गेले. म्हणजे बस जिथवर गेली तिथवर गेले. पुढे नव्या वसाहतीसाठी रस्ता खणून ठेवलेला, रिक्षावाला यायला तयार नाही. गाव समोर दिसत होतं, पाऊण तासाची चाल असेल. डोक्यावर ऊन, पिशवीत आणखी पाच जणांचे कागद, सगळे अहवाल त्याच आठवड्यात द्यायचे. तेवढ्यात परतीची बस आली आणि मी चढले.

दुसऱ्या दिवशी अहवालात लिहिलं: समक्ष जाऊन चौकशी केली, दिलेला पत्ता सापडला नाही. मॅजिस्ट्रेट पुढची तारीख देतील, तेव्हा जाऊ, असा माझा हिशोब होता. त्यांनी तारीख दिली नाही. ज्याच्या घराचा पत्ता नाही त्याला कुणाच्या भरवशावर सोडायचं, असं म्हणून सहा महिन्यांची शिक्षा सुनावली.

घरी नवऱ्याला अर्धंच सांगितलं. "अगं, तू एकटी कुठे कुठे धावणार? सिस्टिमच तशी आहे यार, सोड," तो म्हणाला. मला नेमकं तेच ऐकायचं होतं. सिस्टिम वाईट होतीच, पण परतीच्या बसमध्ये मी माझ्या पायांनी चढले होते. तरी त्या रात्री मला झोप लागली.

चार दिवसांनी त्याची बायको ऑफिसात आली. कोर्टाकडून कुणीतरी येणार म्हणून तिने तीन दिवस कामाला दांडी मारली होती, दोन शब्द चांगले बोलायला घरमालकालाही थांबवून ठेवलं होतं. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, ही आता भांडणार. भांडली असती तर बरं झालं असतं.

"मैडम, पता मैंने ही गलत लिखवाया होगा," ती म्हणाली. "पढ़ना आता नहीं ना. आपको धूप में भटकना पड़ा, माफ़ कर दो."

तिने घरमालकाकडून लिहून आणलेला कागद माझ्यापुढे ठेवला. माझ्या फाइलमध्ये होता तोच पत्ता, तसाच्या तसा.

अपिलाची मुदत अजून बाकी होती. मी तिथे गेलेच नव्हते, एवढं एक वाक्य लिहून दिलं असतं तर तो सुटू शकला असता. माझी नोकरी गेली असती, कदाचित नसतीही. मी घाबरले, आणि त्याची मला आजही शरम वाटते. ती उभीच होती, मी माफ केलं की नाही ते ऐकायला.

"कोई बात नहीं," मी म्हणाले, "अगली बार ठीक से लिखवाना."