चौदा शिक्के, अकरा डाउनलोड

तोशिए कुझुमेचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. साडेचार ते साडेसात ती बंदराजवळच्या कारखान्यात जेवणाचे डबे भरायची. भात, मासा, लोणचं, झाकण. नऊला विद्यापीठाच्या ग्रंथालयात हजर. दोन्हीकडे कधी उशीर नाही. एवढं तिच्या बाजूचं आधीच लिहून टाकतो, कारण मला ती आवडत नव्हती. आजही आवडत नाही.

त्याच ग्रंथालयाच्या तळघरात मी एकतीस वर्षं नियतकालिकांची बांधणी केली. वर्षाचे अंक शिवायचे, पुठ्ठा, कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं. मग नियतकालिकं संगणकावर आली. तिथं वर्षाचं भाडं भरायचं आणि वाचायचं. पुष्कळ ठिकाणी भाडं थांबलं की जुने अंकही दिसेनासे होतात. फळीवर काही उरत नाही. कुझुमेनं आकडे मांडले आणि कळवलं, बांधणीची गरज नाही. मला रद्दी गोळा करायला लावलं. निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं होती.

ती कंत्राटी होती. पाचवं वर्ष चालू. मार्चअखेर एकतर कायम, नाहीतर घरी. विभागप्रमुख निवासाहेब तिला माझ्यादेखत म्हणाले, "ऑनलाइनचा खर्च एक तृतीयांशानं खाली आणणारी यादी द्या. तुमचं नाव मी पुढे करतो."

पद्धत सोपी होती. वर्षाची किंमत घ्यायची, वर्षात लेख किती वेळा उघडले त्यानं भागायचं. एका वेळेचे तीन हजार येनपेक्षा जास्त पडले की लाल रेघ. समुद्री शेवाळाच्या रोगांवरचं एक नियतकालिक होतं, दोन लाख ऐंशी हजारांचं. वर्षात अकरा डाउनलोड. लाल रेघ.

त्याच आठवड्यात ताकेबे सरांच्या शेवाळाच्या प्रयोगशाळेतली रद्दी मी उचलली. त्यात ते अकरा लेख होते, छापलेले. प्रत्येकावर फिरती चिठ्ठी टाचलेली, चिठ्ठीवर चौदा चौकोन आणि चौदा जणांचे आपापल्या नावाचे शिक्के. आमच्याकडे सगळीकडे हेच चालतं. सगळ्यात नवख्या माणसानं छापायचं, वाचून झालं की शिक्का मारून शेजारच्या टेबलावर सरकवायचं. ग्रंथालयातल्या सूचनाही अशाच फिरतात. कुझुमे स्वतः रोज सकाळी चार शिक्के मारायची आणि तरी वर्षभर डाउनलोड मोजत बसली.

मी बोललो नाही. म्हटलं, आपटू दे. गठ्ठा मात्र ठेवला. आपटली की दाखवायला हवा होता.

तीन आठवड्यांनी कच्ची यादी प्रयोगशाळांमध्ये गेली आणि ताकेबे सर जिना उतरून आले.

"बाई, तुम्हाला मोजता येतं की नुसतं भागता येतं?"

"सर, कोण काय वाचतं ते विचारणारा कागद तीनदा पाठवला. तिन्ही वेळा कोरा परत आला."

"माझी चौदा माणसं ते वाचतात!"

"डाउनलोड अकरा आहेत. बाकीच्यांना स्वप्नात दिसतं का?"

"कागद फिरतो आमच्यात! शिक्के बघा ना!"

"दाखवा."

सरांना कागद कुठं गेले ते माहीत नव्हतं. मी तळघरातून गठ्ठा आणून टेबलावर टाकला. कुझुमेनं पहिली चिठ्ठी वाचली. मान वर न करता विचारलं, "काका, हे तुमच्याकडे कधीपासून?"

"तीन आठवडे."

"आणि तोंड शिवलं होतं?"

"माझं काम मोजलंत तेव्हा मला कुणी विचारलं होतं?"

ती सरांकडे वळून म्हणाली, "शिक्का म्हणजे वाचन नव्हे. मीही सूचना न वाचता शिक्का मारते."

तिनं प्रयोगशाळेत जाऊन चौदा जणांच्या हस्ताक्षराचे नमुने आणले. मग प्रत्येक पानाच्या कडेच्या पेन्सिलीच्या खुणा त्या नमुन्यांशी ताडून पाहिल्या, कुणाच्या कुठल्या. एकशे चोपन्न शिक्के, त्यातली सत्त्याण्णव वाचनं खरी. ताकेबे सरांचे शिक्के अकरा, खुणा दोन लेखांवर. तेही तिनं त्यांच्या तोंडावर सांगितलं. सत्त्याण्णवनं भागल्यावर आकडा तीन हजारांच्या आत आला. लाल रेघ खोडली.

पण यादीत आणखी सदतीस लाल रेघा होत्या.

"एकाचं झालं, पुरे," निवासाहेब म्हणाले. "बाकी तसंच द्या. यादी एक तृतीयांश भरतेय ना?"

"भरतेय. पण खोटी आहे."

"मग तुमचं नाव पुढे कसं करू?"

"ते तुम्ही बघा."

मला म्हणाली, "काका, तेवीस प्रयोगशाळांची रद्दी रोज नऊला माझ्या टेबलावर. नऊ म्हणजे नऊ."

मी नऊला आणत गेलो. दया नव्हती त्यात, काम होतं. पाच आठवडे ती प्रत्येक दारात गेली. कुठं हाकललं, कुठं उभं ठेवलं. एकूण सोळा रेघा खोडल्या गेल्या. काही ठिकाणी शिक्के नुसतेच होते, तिथं रेघ तशीच ठेवली. यादी एक तृतीयांशापर्यंत पोचली नाही. निवासाहेबांनी यादी वर पाठवली, तिच्यामागचे मोजणीचे कागद पाठवले नाहीत. तिचं नावही नाही. मार्चअखेर ती घरी गेली. त्याच दिवशी मीही निवृत्त झालो.

एप्रिलात ती माझ्या दारात उभी. हातात मोजणीची चारशे बारा पानं.

"सुटे कागद ग्रंथालय वर्षभरात फेकतं. बांधलेलं फळीवर जातं. दोन प्रती करून द्या."

"बांधणीची गरज नाही म्हणाला होतात."

"म्हणाले होते. किती?"

"अठरा हजार. सवलत नाही."

"मागितली कुणी?"

चौथ्या दिवशी आली. प्रत्येक कोपरा अंगठ्यानं दाबून पाहिला. एका कोपऱ्याचं कापड उचललेलं निघालं. मी तिच्यासमोर काढून पुन्हा चिकटवलं. सुकेपर्यंत ती उभीच राहिली. चहा विचारला नाही, तिनं मागितला नाही.

मग डब्यांच्या कारखान्याचं पाकीट उघडलं. सहा पहाटांची मजुरी माझ्या हातावर ठेवली. त्या पैशांत निळ्या कापडात बांधलेले ते दोन खंड आले. एक तिनं घरी नेला. दुसरा ग्रंथालयात दिला, पुढे जो कोणी मोजायला बसेल त्याच्यासाठी.