गल्लीनं घे, सुपडा!

धरणात गाळ कसा साचतो ते कोणाले दिसत नाही. दरसाली थोडा थोडा येतो, अन् एक दिवस वल्हं टाकावं तं टेकतं! किस्स्यांचंही तसंच आहे. घडतात तेव्हा आपण हसतो अन् विसरून जातो. मग दिवाळीत लेक-जावई जमतात, चहाचं आधण चढतं, अन् कोणीतरी म्हणतं, "बाबा, ते व्याह्यांचं सांगा ना!" झालं. तळचा सगळा गाळ वर येतो.

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, म्हणून माझं सांगणं जरा हळू चालते. घाई असंल त्यानं उतरून घ्यावं.

तं आमचं जुनं गाव जानेफळच्या बाजूले, धरणाच्या पोटात आहे. नवं गाव वर माळावर बसलं. जुन्यातली गायरानाची टेकडी तेवढी पाण्याच्या वर राह्यली, बेटासारखी. भाऊबीज झाली की आमचं सगळं घर नावेत बसते अन् टेकडीवर दोन दिवस मुक्कामाले जाते. तिथंच रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी रांधायची, चांदण्यात झोपायचं. लोक सुट्टीले महाबळेश्वरले जातात. आम्ही आमच्याच गावावर जातो!

नाव सुपडाची. सुपडा माझ्याच वयाचा, जुन्या गावातला. त्याचा एक कायदा आहे. खाली गाव आहे, म्हणून नाव गल्लीनंच चालवायची. कोणाच्या घरावरून न्यायची नाही. समोरची खिंड अन् मागचा मोबाईलचा टॉवर एका रेघेत आले की समजायचं, चावडी आली. तिथून डावीकडं आमची गल्ली.

आता खरी गोष्ट सांगतो. या नावेत माझ्या बाजूची फळी दरसाली रिकामी राहे. ती आमच्या म्हातारीची, माझ्या बायकोची, कौसल्याची जागा. पहिल्याच साली ती म्हणाली, "ज्यानं माहं घर गिळलं, त्याच्या पाठीवर बसून मी हवा खायले जाऊ? तुम्ही जा!" तेव्हापासून ती डबे बांधून देई, काठावर बाभळीखाली बसे, अन् आम्ही टेकडीले लागलो की घरी जाई. मले बाकी काही नको होतं. एक खेप तिनं त्या फळीवर बसावं, एवढंच.

*

आमच्या मंदाचं लग्न झालं ते नव्या गावात. जावई प्रशांतराव पुण्याचे. पहिल्या दिवाळीले नावेत बसले, अन् भर पाण्यात सुपडा डावीकडं वळला, मग उजवीकडं, मग पुन्हा सरळ.

जावई म्हणाले, "काका, समोर सगळं मोकळं आहे. मग वळताय कशाला?"

"समोर लिंबाचं झाड हाय ना."

"कुठंय?"

"खाली!"

जावयानं वाकून पाहिलं. हिरवंगार पाणी.  थोडं पुढं गेल्यावर सुपडा पुन्हा वळला. आता जावई हुशार झाले होते. म्हणाले, "इथं कोणतं झाड?"

"झाड नाही जी. इथं पाटलाचा बैल बांधलेला राहे. मारका होता!"

*

आमचे व्याही, म्हणजे सुनबाईचे, ज्योतीचे वडील, मेहकरचे. माणूस मोठा मायाळू, पण पाण्याले भेतात. ज्योतीनं फारच गळ घातली म्हणून एका साली आले. नावेच्या मधोमध बसले, दोन्ही हातांनी फळी धरली अन् डोळे गच्च मिटून देवाचं नाव घेऊ लागले.

मधातच ओरडत, "हळू! हळू! डुलून राह्यली!"

सुपडा म्हणे, "हळूच हाय जी."

बऱ्याच वेळानं डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी विचारलं, "व्याहीबुवा, अर्ध्यात आलो काय?"

मी म्हटलं, "अजून दोर सोडाचा हाय. बाया डबे आणून राह्यल्या."

कौसल्या तिथंच डबे घेऊन उभी. व्याह्यांनी एक डोळा उघडून तिच्याकडं पाहिलं अन् म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही येऊन नाही राह्यल्या?"

"नाही."

"मग मीही थांबतो! तुम्हाले एकटं सोडणं बरं दिसत नाही."

तेवढ्यासाठी एवढा मोठा माणूस उडी मारून काठावर आला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा चपळपणा आम्ही पाहिला.

*

जुन्या मारुतीच्या देवळावर आलो की सुपडा इंजिन बंद करतो. सगळे चपला काढून पायाखाली ठेवतात, हात जोडतात, नारळ सोडतात. मग पुढं.

एका साली ज्योतीनं बुलढाण्याहून नवी सँडल आणली होती. पट्टे, खडे, वर टाच. देवळावर आलो, तिनं भक्तिभावानं सँडल काढली अन् जागा नव्हती म्हणून नावेच्या काठावर ठेवली. नारळ सोडायले माझा मुलगा संतोष उठला, नाव कलंडली, अन् एक सँडल गेली डुबुक!

पोरगी रडकुंडीले आली. दोन दिवस टेकडीवर अनवाणी फिरली. एक पाय सँडलीत घालून पाहिला, पण थे काही जमलं नाही.

परत आलो तं सासू काठावर. ज्योतीनं सगळं सांगितलं. मले वाटलं, आता दोन शब्द बोलंन. कौसल्या शांतपणे म्हणाली, "देवळापुढं ठेवलेली नवी चप्पल कधी कोणाले सापडली काय, बाई?"

*

संतोषले एका साली वाटलं, माय पाण्याले भेते पण बोलून दाखवत नाही. तो बुलढाण्याच्या ऑफिसात कारकून. तिथून कोणाकडून तरी नारंगी रंगाची लाइफ जॅकेटं घेऊन आला. काठावरच मायसमोर एक घालून दाखवलं, बंद आवळले, शिट्टी वाजवली.

"माय, हे घातलं ना, माणूस बुडतच नाही! अजिबात!"

कौसल्यानं जॅकेट हातात घेतलं, दाबून पाहिलं, उलटं-सुलटं केलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "तवा घराले काऊन नाही घातलं मंग?"

संतोषनं जॅकेट उतरवलं. शिट्टी खिशात घातली. मी लांब दोर आवळून राह्यलो होतो, दोर आधीच आवळलेला होता तरी.

पण नात पिंकी मोठी खट. ती म्हणाली, "आजी, तुझा धरणाशी अबोला हाय ना? मग घरी नळाले धरणाचंच पाणी येते, थे काऊन पेते?"

 हे आजपर्यंत कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं!

कौसल्या म्हणाली, "माह्या घरात राहून राह्यलं ना थे? मग भाडं नको द्यायले?"

*

एकदा मीही डाव टाकला. म्हटलं, हिले हट्टानं आणता येत नाही, सैंपाकानं आणावं. हिचा जीव सैंपाकात. टेकडीवर पोचलो, दाळ चुलीवर ठेवली अन् घरी कौसल्याले फोन लावला. टेकडीवर एकच दगड आहे, त्याच्यावर उभं राह्यलं की रेंज येते. मी दगडावर.

"अवं, दाळ काही केल्या शिजून नाही राह्यली. कोणाले काही सुधरून नाही राह्यलं. सुपडाले नाव घेऊन धाडतो, तू ये."

"फोन दाळीपाशी धरा."

"काय?"

"दाळीपाशी धरा म्हटलं ना!"

रेंज दगडावर अन् दाळ खाली! मग संतोष अन् जावयानं खदखदतं पातेलं दोन कानांना धरून दगडावर आणलं. मी फोन पातेल्याच्या तोंडापाशी धरला. मंदा तोंडाले पदर लावून हसून राह्यली. थोड्या वेळानं मी फोन कानाले लावला.

"शिजली हाय," कौसल्या म्हणाली. "उगीच लबाड्या नका करू. अन् मीठ टाकलं नाही अजून कोणी."

मी चाखून पाहिलं. नव्हतं टाकलं!

तिथून मी डाव टाकायचा सोडला. फळी रिकामी तं रिकामी. पण दरसाली बसताना मी जरा कडेले सरकून बसतो ते बसतोच. मंदा एकदा म्हणाली, "बाबा, एवढी जागा हाय, पाय पसरून बसा ना." मी म्हटलं, "असू दे."

*

आता गेल्या दिवाळीचं.

सुपडाच्या साळ्याच्या पोराचा साखरपुडा आमच्या निघायच्या दिवशीच आला. त्यानं नाव देऊन ठेवली अन् म्हणाला, "जावईबापूंले येते आता इंजिन. जा तुम्ही. फक्त गल्लीनं घ्या." जावयाले आनंद झाला. त्यांनी टोपी उलटी घातली, इंजिनाची दोरी ओढली अन् निघालो. कौसल्या बाभळीखाली.

खिंड पाहा, टॉवर पाहा, मी सांगून राह्यलो. पण इंजिनाचा आवाज केवढा! अन् पुण्याच्या माणसाले मोकळं पाणी दिसलं की तो सरळच जातो. नाव सुसाट निघाली. पिंकी टाळ्या वाजवून राह्यली. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"अवो, कोण चालवून राह्यलं?"

"जावईबापू."

"थांबवा आधी! शेवंताच्या न्हाणीतून गेले ना तुम्ही सगळे, दनादना!"

शेवंता आमची शेजारीण, तेव्हाही अन् आताही. नव्या गावात चांगली ठणठणीत आहे. मी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला अन् सांगितलं. जावयानं झटकन इंजिन बंद केलं, टोपी काढली अन् पाण्याकडं पाहून म्हणाले, "सॉरी! सॉरी!"

फोन चालूच होता. "आता कुठं हाओ आपण?" मी विचारलं.

"हलू नका. भिंतीत घुसले तुम्ही." मग म्हणाली, "पुढं आपलं घर हाय. त्याच्यावरूनही असेच जासान. या इकडं काठाले. मीच दाखवीन."

आम्ही वल्ह्यांनी हळूहळू काठाले आलो. कौसल्या उभीच होती. तिनं लुगडं सावरलं, चप्पल हातात घेतली, संतोषच्या खांद्यावर हात ठेवला अन् नावेत पाय टाकला. पिंकी ओरडणार, तं मंदानं तिच्या तोंडावर हात ठेवला.  ती येऊन माझ्या बाजूच्या फळीवर बसली. मी दुसरीकडं पाहू लागलो. म्हटलं, ध्यानात आलं तं उतरंल!

"चला," ती म्हणाली. "इंजिन नको. लोकाच्या दारातून जायचं हाय."

संतोष अन् जावई वल्ही मारू लागले. कौसल्या समोर पाहून सांगत होती. "ही चावडी. आता डावीकडं. हळू घ्या, इथं उतार हाय, लेकरं खेळत राहतात… हं. इथून शेवंताचं अंगण. जरा अंग चोरून घ्या, तिचं वाळवण राहते." जावई खरंच वल्हं आत ओढून घेत होते.

मग ती म्हणाली, "थांबवा."

नाव थांबली. चहूकडं पाणीच पाणी, वारा नाही, वर उघडं आभाळ. कौसल्या फळीवरून वाकून पाण्यात पाहू लागली. 

जावयानं हळूच विचारलं, "आई, आता सरळ जाऊ?"

"सरळ कुठं? तिकडून भिंत हाय. दार या बाजूनं. वळवा."

त्यांनी नाव वळवली.

"आता या आत. अन् वाका सगळे. चौकट बुटकी हाय, डोकं आपटंन."

संतोष त्या घरात लहानाचा मोठा झालेला. तो आधी वाकला. मग मंदा वाकली, अन् तिनं पिंकीचं डोकं हातानं खाली दाबलं. ज्योतीनं कधी ते घर पाहिलं नव्हतं, तीही वाकली. मी वाकलो. शेवटी जावयानं एकदा आमच्याकडं, एकदा आभाळाकडं पाहिलं अन् मान खाली घातली.

"आणखी वाका, जावईबापू," कौसल्या म्हणाली. "पहिल्यांदा येऊन राह्यले ना. अंदाज नाही तुम्हाले."