धंदा : घरकाम

दहा पोती सोयाबीनची ती चोरी मी अजून विसरलेलो नाही, कारण त्यातला चुकीचा जबाब माझ्या हातचा होता.

मी कोकणातला. दहावीत शाळा सुटली, पोलीस भरतीत निवड झाली आणि घरापासून इतक्या लांब बुलढाणा जिल्ह्यानं मला पोसलं. ते उपकार विसरणार नाही. पण कागद लिहायचा म्हटलं की धास्ती वाटे. चूक नको म्हणून जुना जबाब पुढ्यात ठेवून तसाच उतरवायचो.

जानेफळकडच्या एका शेतकऱ्यानं फिर्याद दिली, शेतातल्या खोपीतून दहा पोती गेली. मग हळूच म्हणाला, "धाकट्या भावाच्या विधवेच्या घरी पाहा. दोन एकरात बाईले इतका माल होतेच कसा?"

घरात चौदा पोती निघाली. मलाही बाईचाच संशय आला. पण नवऱ्याची जमीन त्याच वर्षी तिच्या नावावर चढली होती आणि फिर्यादीला ती स्वतः वाहायची, म्हणजे कसायची होती, हेही कानावर आलं. बाई अटकेत गेली असती तर वावर आपोआप त्याच्या ताब्यात गेलं असतं.

ठाण्यात दोन तास विचारपूस झाली. बाईचं एकच, "वावर माहं हाये, वाहतेही मीच." मी जबाब लिहिला. फौजदारांनी वाचला आणि म्हणाले, "घरकाम करणाऱ्या बाईकडे चौदा पोती? अटकेची तयारी करा."

नियमाप्रमाणे मी तो तिला वाचून दाखवला. 'धंदा : घरकाम' ऐकताच तिनं थांबवलं.

"घरकाम काऊन लिहिलं, साहेब? सोयाबीन चुलीवर पिकते का?"

बायकांच्या प्रत्येक जुन्या जबाबात तेच होतं. मी उतरवलं होतं.

"ज्यानं फिर्याद देली त्याचा उरलेला माल आणा अन् माह्या पोत्यापाशी ठेवा," ती म्हणाली.

पंचांसमोर दोन्ही पोती उघडली. त्याचा दाणा काळा, डागी. तिचा पिवळा, स्वच्छ.

"ट्रॅक्टर साऱ्या गावाचं पेरून झाल्यावर मले भेटते. पेरणी मांगून, मंग सोंगणीबी मांगून. पाणी आलं तवा याची कापून रचलेली गंजी भिजली, माहं पीक हिरवं उभंच होतं."

मग आम्ही फिर्यादीचीच चौकशी सुरू केली. संध्याकाळपर्यंत त्याची दहा पोती त्याच्याच सासरवाडीत सापडली.

मी 'घरकाम' खोडून 'शेती' लिहिलं, दुरुस्तीवर सही केली. नोकरीभर मी सगळ्यांवर संशय घेतला, त्या एका ओळीवर कधी घेतला नव्हता.

पुढे बाईचा जबाब घेताना आधी विचारायचो, "धंदा काय?" पुष्कळ जणी नवऱ्याकडे पाहायच्या. मी पेन उचलून धरायचो आणि तिच्याच उत्तराची वाट पाहायचो.